भाजलेली तार आणि मुलीकडचे काका

‘सुपरकंडक्टर’ हा शब्द मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारला तो टोकावड्याच्या एका ओटीवर, आणि त्या ओटीवर त्याच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. समोर मुलीचे वडील होते, मुलीचे काका होते, आणि शेजारच्या गोठ्यातून डोकं बाहेर काढून उभी असलेली एक गाय होती. तिघांपैकी मान काय ती गायच हलवत होती. मला तेवढं प्रोत्साहन पुरत असे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी मुरबाडच्या इंडस्ट्रियल एरियात एका लहानशा वायर कंपनीत इंजिनिअर होतो. म्हणजे माझ्याकडे मेटलर्जीचा डिप्लोमा होता आणि कंपनीत तो आणखी कुणाकडे नव्हता, एवढ्यावरून मला इंजिनिअर म्हणत. कंपनी वर्षानुवर्षं पाण्याच्या पंपांच्या मोटारींना लागणारी तांब्याची तार काढायची. त्यात मेटलर्जीला फारसं काम नव्हतं. मी दिवसभर तारेची जाडी मोजायचो आणि संध्याकाळी किन्हवलीमार्गे एस.टी.ने शहापूरकडच्या आमच्या गावी परत यायचो. सुखात होतो. पण आमच्या शेठना कुठल्याशा लग्नात मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेतले साहेब भेटले, पंगतीत शेजारी बसले, आणि श्रीखंड वाढून होईपर्यंत शेठनी सुपरकंडक्टिंग तारेची कॉइल करून द्यायचं कबूल करून टाकलं. सोमवारी मला बोलावून म्हणाले, “इंजिनिअर, तुला येते ना ही तार?”

“येते,” मी म्हणालो.

इथून पुढे जे झालं त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

मी तेव्हा टेंपररी होतो. शेठ म्हणाले, “कॉइल पास झाली की तू पर्मनंट.” नेमकं त्याच सुमाराला टोकावड्याचं स्थळ आलेलं होतं. मुलीचे वडील शेतकरी, बोलणं कमी आणि नेमकं. त्यांनी सांगितलं, “पोरगा बरा आहे. पर्मनंट झाला का सुपारी फोडू.” म्हणजे लग्न व्हायचं तर पर्मनंट व्हायला हवं, पर्मनंट व्हायचं तर कॉइल पास व्हायला हवी, आणि कॉइल पास व्हायची तर ती भट्टीत नीट भाजली जायला हवी. लोकांची लग्नं पत्रिकेवर जमतात. माझं साडेसहाशे डिग्रीवर ठेवलं होतं.

मुलगी मला पसंत होती. मी तिला पसंत होतो की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण पहिल्या भेटीत आम्हा दोघांना बोलायला म्हणून मोठी माणसं जरा बाजूला झाली, तेवढ्या वेळात मी तिला ब्राँझमध्ये कथिल किती असतं ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं. आणि?” मी मागे उरलेलं तांबं किती असतं तेही सांगितलं.

आता ती तार काय होती ते सांगितल्याशिवाय माझा मूर्खपणा किती खोल होता ते समजायचं नाही, म्हणून थोडं सहन करा. ब्राँझच्या जाड कांडीला आरपार भोकं पाडायची, त्यांत नायोबियम नावाच्या धातूच्या सळ्या बसवायच्या, आणि ती कांडी एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढत न्यायची. मग अशा बऱ्याच कांड्या एकत्र बांधून पुन्हा ओढायच्या. शेवटी सुतळीपेक्षा बारीक तार उरते आणि तिच्या पोटात केसापेक्षाही बारीक असे शेकडो धागे असतात. ओढताना ब्राँझ कडक होत जातं, म्हणून मधूनमधून भट्टीत घालून मऊ करून घ्यायचं. इथवर गावच्या लोहारालाही पटेल. तापवलं की मऊ.

पण अशा तारेला अजून काहीच येत नसतं. ती नुसती महागडी तार. खरी करामत शेवटच्या भट्टीत. तिथे साडेसहाशेच्या वर, हवा काढून आर्गॉन वायू भरलेल्या भांड्यात, आठवडाभर ठेवली की ब्राँझमधलं कथिल घर सोडून नायोबियमकडे राहायला जातं आणि दोघांचं मिळून एक नवीनच संयुग तयार होतं. त्यातून वीज कसलाही विरोध न होता धावते. फक्त त्यासाठी ते द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावं लागतं. म्हणजे आठवडाभर भाजायचं, आणि मग जन्मभर गारठवायचं. भट्टी कमी पडली तर संयुगाचा थर पातळ राहतो. जास्त झाली तर संयुगाचे दाणे मोठे होतात, आणि दाणे मोठे झाले की तारेला वीज कमी पेलते. दाणा बारीकच हवा. टोकावड्यात माझ्या सगळ्या व्याख्यानांतलं एवढं एकच वाक्य सगळ्यांना लगेच पटलं. झिणीचा बारीक तांदूळ पिकवणारी माणसं ती. जाड दाण्याला त्या घरात मान नव्हता.

त्या व्याख्यानांत एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. हे संयुग काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणूनच तार मऊ असताना आधी कॉइल गुंडाळून घ्यायची आणि मग ती सगळीच्या सगळी भट्टीत घालायची. भाजल्यानंतर तिला वाकवायचं नाही, ओढायचं नाही, शक्यतो तिच्याकडे रागाने बघायचंसुद्धा नाही. हे मी का सांगितलं नाही? कारण मला छाप पाडायची होती, आणि ‘माझी तार मोडते’ असं म्हणून कुणावर छाप पडत नाही.

उलट मी काय केलं, तर न भाजलेल्या तारेचा एक तुकडा खिशात घालून टोकावड्याला गेलो. ओटीवर सगळ्यांदेखत तो बोटाभोवती गुंडाळला, अंगठी केली, उलगडला, परत गुंडाळला. सोन्यासारखी चमकत होती तार. काकांनी हात पुढे केला.

हे काका म्हणजे मुलीच्या वडिलांचे धाकटे भाऊ. सगळी हयात एस.टी. चालवून, माळशेजचा घाट चढून-उतरून निवृत्त झालेले. त्यांचा कुठल्याही वस्तूवर ती बघून विश्वास बसत नसे. दाबून, ओढून, हलवून बघायचे. चहाची कपबशीसुद्धा कान धरून हलवायचे आणि मग प्यायचे. त्यांनी तार घेतली, वाकवली, उलटी वाकवली, दाताखाली धरली, आणि भावाला म्हणाले, “वाकते रे बरी. कंपनीत दम आहे.”

वडिलांनी मान डोलावली. मीही डोलावली. त्या क्षणी खाली बसून, ‘काका, ही कच्ची आहे, पक्की झाली की तुटेल’ असं सांगायला मला कुणी बंदी केली नव्हती.

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलीकडचे येऊन मुलाचं घर बघून जातात. घर, विहीर, गोठा, भात ठेवायची जागा, सगळं. काकाही आले. त्यांनी पडवीचा खांब खांद्याने रेटून बघितला. विहिरीचा रहाट उलटा फिरवला. मागच्या दारी कपडे वाळत घालायच्या दोरीला लटकून बघितलं, तेव्हा दोरी, खुंटी आणि आईची दोन धुतलेली लुगडी असं सगळं एकदम खाली आलं.

आई दारातून म्हणाली, “पाव्हणे, घर बगायला आलात का पाडायला?”

“खुंटी कच्ची होती, वयनी,” काका म्हणाले. “आता तुमी पक्की बसवाल.”

यात त्यांना आपण उपकार केले असंच वाटत होतं. जाताना म्हणाले, “घर झालं बगून. आता एक दिस कंपनी बगू.” मी हसलो. मला वाटलं, ही बोलायची पद्धत असते.

कॉइल गुंडाळून झाली. तारेवर काचेच्या धाग्यांचं पांढरं विणकाम होतं, कारण दुसरं कुठलंही आवरण भट्टीत जळून गेलं असतं. नवरीसारखी दिसत होती. भट्टीत घातली आणि माझा आठवडा सुरू झाला. मुरबाडच्या कारखान्यांचा रविवार शुक्रवारी असायचा. त्या दिवशी एरियाची वीजच बंद. आठवडाभराची भट्टी म्हटल्यावर मधे शुक्रवार येणारच, म्हणून शेठनी डिझेलचा जनरेटर लावून दिला आणि दर तासाला फोन करून डिझेल किती उरलं ते विचारत राहिले. तापमान किती ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी भट्टीच्या काट्यासमोर स्टूल टाकून बसलो होतो. काटा जरा वर सरकला की मला जाड दाणे दिसायचे, आणि जाड दाण्यांच्या मागे काकांचा चेहरा.

पण जमलं. खरंच जमलं. भट्टी हळूहळू थंड केली, आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी कॉइल बाहेर काढून टेबलावर ठेवली. पांढरं विणकाम काळपट पडलं होतं, तार राखाडी झाली होती. दोन टोकं बाहेर आलेली होती: एक वरच्या थरातून, चांगलं वीतभर लांब आणि हाताशी, दुसरं अगदी आतल्या थरातून, गाभ्यापासून, रिळाच्या बाजूच्या चकतीतल्या फटीतून जेमतेम बोटभर डोकावणारं. शनिवारी माणसं आली की दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या डाग देऊन जोडायच्या आणि सगळी कॉइल रेझिनमध्ये, म्हणजे वाळून दगड होणाऱ्या चिकात, बुडवायची. एकदा ते झालं की ती कुणाच्या बापाला तुटली नसती. प्रश्न फक्त एका शुक्रवारचा होता.

अकराच्या सुमाराला वॉचमन आत आला. “साहेब, टोकावड्याचे पाव्हणे आलेत. घरातलेच आहेत म्हणतात.”

शुक्रवारी कंपनी बंद, म्हणजे इंजिनिअर मोकळा, असा त्यांनी हिशेब केला होता. वडील धुतलेलं धोतर नेसून आले होते, काकांनी एस.टी.तला खाकी शर्ट घातला होता, बहुधा तपासणी आहे म्हणून. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही असा शेठचा नियम होता. पण होणाऱ्या सासऱ्याला गेटवर उभं ठेवायचं नाही हा त्याहून जुना नियम. मी त्यांना आत घेतलं, आणि घेतलं ते घेतलं, वर सगळी कंपनी फिरवून दाखवली.

काकांनी तार ओढायच्या मशीनचं चाक हलवून बघितलं. आर्गॉनची टाकी बोटांनी वाजवून बघितली. भट्टीचं दार उघडमीट करून म्हणाले, “बिजागरी दमदार आहे.” वडील मागे हात बांधून चालत होते. मी पुढे, छाती काढून. असे आम्ही टेबलाशी आलो.

“आणि ही ती कॉइल,” मी म्हणालो.

दोघं बघतच राहिले. त्यांनी ओटीवर सोनं बघितलं होतं.

“जळाली की रे!” काका म्हणाले.

“जळाली नाही काका. झाली.”

“झाली म्हंजे? काळी ठिक्कर पडलीय.”

“ते वरचं विणकाम. आत तार आहे. आता खरी सुपरकंडक्टर झाली.”

“आमच्या ओटीवर बोटाला गुंडाळलीस, तीच ना ही?”

“तीच. पण आता ती...”

माझं वाक्य लांब होतं आणि काकांचा हात जवळ होता. त्यांनी वरचं टोक चिमटीत धरलं आणि ओटीवर वाकवलं होतं तसं, अगदी प्रेमाने, वाकवलं.

कट्.

आवाज फार मोठा नव्हता. पापड मोडतो तेवढाच. काकांच्या हातात वीतभर तुकडा आला आणि कॉइलवर दोन बोटं टोक उरलं.

आता माझ्या जागी कुणीही शहाणा माणूस असता तर खाली बसला असता, किंवा ओरडला असता. मी हसलो. खरंच, तोंडभर हसलो. कारण त्या पहिल्या क्षणी माझ्या डोक्यात लग्न नव्हतं, नोकरी नव्हती. अशी खटकन तुटली, म्हणजे आत संयुग पुरं झालं होतं! आठवडाभराचं माझं बसणं फळाला आलं होतं! मेटलर्जीच्या माणसाला आयुष्यात असे आनंद थोडेच मिळतात, आणि ते असे मिळतात.

“हसतोस काय?” काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, पण पडलेला चेहरा घेऊन उभं राहायची त्यांना सवय नव्हती. लगेच सावरले. “कच्ची होती. आमच्या हातानं नाय तुटली. तुटायचीच होती.”

“कच्ची नाही काका! पक्की झाली म्हणून तुटली. चांगली झाली की ती तुटतेच.”

काकांनी वडिलांकडे बघितलं. “ऐक रे दादा, काय सांगतंय पोरगं. चांगली झाली का तुटते.” मग माझ्याकडे वळून, “मी इतकी वर्सं गाडी चालवली. चांगला ब्रेक कधी तुटलेला मी नाय बगितला.”

“ब्रेक वेगळा. ही तार वाकवायचीच नसते.”

“मंग ओटीवर कशाला वाकवून दाखवलीस?”

मी वडिलांकडे बघितलं. ते त्या दोन बोटं उरलेल्या टोकाकडे बघत होते, आणि मला स्पष्ट दिसत होतं की ते मनात कंपनीला, पर्मनंटला आणि मला एकेक करून खोडत चाललेत. जिची तार हातात येते, ती कंपनी किती दिवस टिकणार?

इथे एक तांत्रिक मुद्दा नोंदवून ठेवतो. काकांनी केलेलं नुकसान भरून येण्यासारखं होतं. बाहेरच्या टोकाची दोन बोटं उरली होती. त्यावर पट्टी सहज जोडता आली असती. कॉइल शाबूत होती. नोकरी शाबूत होती. लग्नही, थोडं चेपलेलं, पण शाबूत होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

“काका, बघा,” मी म्हणालो, “नीट झालेली तार कुठेही वाकवली तरी अशीच तुटणार. तुमच्या हाताचा दोष नाही. थांबा, दाखवतो.”

आणि मी आतलं टोक वाकवलं.

कट्.

पटलं. निदान मला तरी. नियम तंतोतंत सिद्ध झाला होता. ते टोक अगदी फटीच्या आत, चकतीलगत तुटलं होतं. धरायला नखाएवढंही उरलं नव्हतं. तिथवर पोचायचं तर सगळी कॉइल उलगडायला हवी, आणि उलगडायची तर वाकवायला हवी. मी तुकडा हातात धरून उभा होतो, आणि चेहऱ्यावरचं ते हसू हळूहळू, भट्टी थंड व्हावी तसं, उतरत होतं.

“आता हे कसं जोडाचं?” काकांनी विचारलं. चांगला प्रश्न होता.

“नाही जोडता येत.”

काका टेबलापासून एक पाऊल मागे सरकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू हात न लावता सोडली. वडील वळले, दाराकडे चालू लागले, आणि उंबऱ्याशी थांबून एवढंच म्हणाले, “सुपारी फुटाची राहिली. बाकीचं सगलं फुटलं.”

शनिवारी शेठ आले. त्यांनी कॉइल बघितली, मला बघितलं, खुर्ची ओढून बसले.

“कोणी तोडली?”

“एक टोक पाहुण्यांनी. एक मी.”

“पाहुणे कुठले?”

“मुलीकडचे.”

“म्हणजे माझं डिझेल जाळून तू इथे कांदेपोहे करत होता? बरं, त्यांनी तोडली, ते अडाणी. तू कशाला तोडली?”

“त्यांना समजावून सांगायला.”

“समजले?”

“नाही.”

“इंजिनिअर,” शेठ हात जोडून म्हणाले, “दिवाळीनंतर दुसरी कर. तोपर्यंत टेंपररी. आणि माझ्यावर एक मेहरबानी कर. कुणाला काही समजावू नको.”

तुटलेले दोन तुकडे त्यांनी तरीही प्रयोगशाळेत पाठवले. थोड्या दिवसांनी त्या पंगतीतल्या साहेबांचा फोन आला. तुकड्यांची परीक्षा हेलियममध्ये घेतली होती. थर पुरेसा, दाणा बारीक, वीज अपेक्षेपेक्षा जास्त पेलली. भट्टी फारच छान जमलीय म्हणाले, अभिनंदन करा, आणि कॉइल कधी पाठवताय? शेठनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे स्वतःचं काहीही जोडलं नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

एवढ्यात टोकावड्याहून निरोप आला. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर, तोंडी: पोराचं पर्मनंट होईल तेव्हा होईल, तोवर आमी दुसरीकडं बगतो. वाईट वाटून घेऊ नका.

आई म्हणाली, “जाऊ दे. त्या घरचे लोक आपली खुंटीसुद्धा ठेवत नाय जागेवर.” पण मला ती मुलगी हवी होती. “बरं. आणि?” असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, लोक ‘बरं’वरच थांबायचे. आणि आता तर माझ्याकडे पुरावा होता. तार कच्ची नव्हती! कंपनी कच्ची नव्हती! एवढं एकदा त्या ओटीवर सिद्ध केलं की झालं, असं मला वाटलं. शेठनी हात जोडून सांगितलेलं ताजं होतं, तरी मी पुढच्याच शुक्रवारी टोकावड्याची गाडी धरली.

दोघं भाऊ ओटीवर होते. बस म्हणाले, पाणी दिलं. गाय आपल्या जागी होती. मी साहेबांच्या फोनवरचं सगळं सांगितलं, आणि शनिवारी रेझिनमध्ये बुडवली असती तर ती तुटली नसती, तेही. चेहऱ्यांवर काही उमटेना, म्हणून चुलीतला कोळसा मागून घेतला आणि ताज्या सारवलेल्या जमिनीवर आलेख काढला. आडवं तापमान, उभी वीज. इथे कमी भाजली तर इतकी, इथे जास्त भाजली तर इतकी, आणि मधे हा उंचवटा दिसतोय ना, तिथे आपली तार. अगदी माथ्यावर.

काका उकिडवे बसून उंचवट्याकडे बघत होते. बोटाने तो दाबूनही बघितला.

“म्हंजे तार चांगली होती,” ते म्हणाले.

“एकदम चांगली!”

“साहेब बोलला?”

“साहेब बोलले.”

“बरं. आता मी सांगतो.” काकांनी मांडी घातली. “मी तोडली. तवा मला काय म्हाईत? मला वाटलं, वाकते तशीच आहे. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हंजे माजा दोस नाय.”

“नाही, काका. तेच तर मी...”

“थांब. तुला म्हाईत होतं चांगली आहे. तुला म्हाईत होतं वाकवली का तुटते. दुसरी नाय, एकच आहे, ते पण म्हाईत होतं. तरी तू तोडलीस.” ते भावाकडे वळले. “दादा, तार कच्ची असती तर पोरगं शहाणं निगालं असतं. आता तार पक्की निगाली.”

मी आलेखाकडे बघितलं. इतका स्वच्छ पुरावा मी आयुष्यात कधी दिला नव्हता, आणि तो माझ्याविरुद्ध होता. वडील मिशीत काहीतरी दाबून धरत होते. ते हसू होतं की राग, मला कळेना. मग ते म्हणाले, “पोरा, तुजी मेहनत दिसते. पण आमाला पोरगी द्याची आहे. कुणाला काय पटवाच्या नादात उद्या घरातलं काय मोडशील...”

मी उठायला लागलो.

तेवढ्यात मुलगी आतून चहा घेऊन आली. आधी तिने जमिनीवरचा आलेख बघितला. ती गावच्या बालवाडीत शिकवायची, त्यामुळे भिंती-जमिनी रंगवणारी माणसं तिला नवीन नव्हती.

“ओटी सकाळीच सारवली होती,” ती म्हणाली.

“पुसतो,” मी म्हणालो.

“नको. तुमी आता कशालाच हात लावू नका.” तिने कप खाली ठेवले. “दुसरी कॉइल कधी?”

“दिवाळीनंतर.”

“भट्टी अशीच जमेल?”

“जमेल. आकडे आता माहीत आहेत.”

“आणि काढल्यावर ते रेझिन का काय, ते त्याच दिवशी नाय लावता येत? शुक्रवार कशाला मधे येऊ द्याचा?”

मी बोटांवर दिवस मोजले. भट्टी एक दिवस आधी लावली असती तर कॉइल गुरुवारी निघाली असती, माणसं हजर असती, संध्याकाळपर्यंत सगळं पुरं झालं असतं. आठवडाभर काट्यासमोर बसून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“येतं,” मी म्हणालो.

ती वडिलांना म्हणाली, “बाबा, दिवाळी काय लांब नाय.” आणि आत गेली.

वडिलांनी चहाचा कप उचलला. भावाकडे बघितलं. काकांनी आपला कप कान धरून हलवला, समाधान झालं, एक घोट घेतला.

“पोरगी म्हणते तर थांबू,” काका म्हणाले. “पण दुसरी झाली का मला दाखवाची. बगितल्याबिगर मी काय पुढं बोलाचा नाय.”

“लांबून,” आतून आवाज आला. “हाताची घडी घालून.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. मग आम्ही दोघं चहा प्यायला लागलो, आणि मधे त्यांनी विचारलंसुद्धा की हेलियम म्हणजे नक्की काय असतं रे, पण मी चहाच पीत राहिलो.